लग्नाविना चौक

संस्थान विलीन झालं आणि जव्हारात जो तो दुसऱ्याला विचारू लागला, आता आपलं कसं? आमचे हे गावातल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. दरबारचे जाहीरनामे बंद झाले, कागद ठाण्याहून छापून येऊ लागले आणि छापखान्याच्या मालकांनी एक दिवस दाराला कुलूप घातलं. मला तेव्हा दिवस गेलेले. रात्रंदिवस पोटात भीतीचा गोळा, आणि तो बाळाचा नव्हे.

एकच वाट उरली होती. डोंगरातल्या शाळांसाठी अक्षरओळखीचं पुस्तक हवं होतं. वरचे एक साहेब पाहणीला येणार होते. यांनी केलेला नमुना त्यांना पसंत पडला, तर पुस्तक छापलं जाईल आणि यांना शाळेत चित्रकलेची जागा मिळेल. नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून मुंबईला दिरांच्या दारात.

अशा वेळी माणसानं साधं सरळ पुस्तक करावं की नाही? पण यांना शेळीचं दूध काढायला सांगितलं, तर हे आधी शेळी रंगवायला बसतील. यांनी जाड कागद एकाला एक चिकटवून लांबच लांब पट्टी केली, पंख्यासारख्या घड्या घातल्या. गेरूत धावड्याचा डिंक कालवून सगळा कागद लाल केला. अक्षरांचे नि चित्रांचे ठसे सागाच्या लाकडात स्वतः कोरले. न नाचणीचा, म मोहाचा, त फुंकून वाजवायच्या तारप्याचा. "कमळ पाहिलंय का डोंगरातल्या पोशेऱ्याच्या पोरांनी?" हे मला विचारायचे. मी म्हणायचे, "साहेबांनी पाहिलंय ना!" घरभर लाल हाताचे ठसे आणि माझा जीव टांगणीला.

मुखपृष्ठावर यांना वारल्यांचा चौक हवा होता, लग्नात भिंतीवर काढतात तो. जामसरची एक वारली बाई आमच्याकडे लाकडाची मोळी घेऊन यायची. तिच्या हातचे चौक पंचक्रोशीत वाखाणले जात. यांनी तिच्यापुढे पुठ्ठा ठेवला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "कोनाचा लगीन हाय, बाय?"

हे हसून म्हणाले, "पुस्तकाचं!"

ती हसली नाही. मोळी टाकून निघून गेली आणि पुढच्या बाजाराला आलीच नाही. साहेब यायला थोडेच दिवस राहिलेले. नसती थट्टा करून बसले म्हणून मी यांच्याशी बोलणं टाकलं.

ती आली ती आणखी दोघी सवाष्णींना घेऊन, वाटीत तांदळाचं पीठ कालवून. तिघींनी गुणगुणत सुंदर चौक काढला. चारी बाजूंना नक्षी, कोपऱ्यात चंद्र, सूर्य. मधली जागा मात्र कोरी.

"इथं काय?" यांनी विचारलं.

"थय पालघट देवी बसते. लगीन नाय त देवी नाय."

अर्धवट मुखपृष्ठ साहेबांना काय म्हणून दाखवायचं? हे मात्र बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत बसले. मग चाकू घेतला आणि ती जागा चक्क कापून काढली! मी किंचाळलेच. यांनी अक्षरांची पट्टी मागून सरकवली. खिडकीत 'न' आला. आणखी सरकवली, 'म' आला. ती बाई वाकून बघत राहिली. मग स्वतःच पट्टी ओढू लागली, नाचणी दिसली की खुदकन हसायची. भीती होती तिथेच होती, पण मला त्या क्षणी यांचा फार अभिमान वाटला.

साहेब आले, त्यांनी मुखपृष्ठाच्या खिडकीतून बोट घालून पाहिलं. मी दाराआडून बघत होते. यांनी त्यांना कोऱ्या जागेची गोष्ट सांगितली. साहेब "वा!" म्हणाले आणि नमुना बरोबर घेऊन गेले.

पुढे किती आठवडे गेले कोण जाणे. दुपारी टपालाची मोटार आली की मी उंबऱ्यात. शेवटी यांचा नेमणुकीचा हुकूम आला, आणि त्याच मोटारीत पुस्तकांचं बंडल. मी देवापुढे साखर ठेवली. यांनी सुतळी कापली आणि वरचं पुस्तक उघडलं.

पट्टी नव्हती. पानं नेहमीसारखी, पाठीला तारेचे दोन टाके. खिडकी पाडणं छपाईला परवडलं नसावं. ती जागा मोकळी दिसू नये म्हणून कोणीतरी तिथे कमळावर बसलेली, ठसठशीत देवी छापली होती. भोवती जामसरच्या तिघींचा चौक जसाच्या तसा.

दुसऱ्या दिवशी ती मोळी घेऊन आली. पाड्यावरच्या मुलांना वाटायला म्हणून मी मोठ्या हौसेनं तिच्या हातात पुस्तकं दिली. तिनं वरचं पाहिलं. चौकावर बोट फिरवत मधोमध आली आणि थांबली.

"कोनाचा लगीन लागला?"

मी म्हटलं, "लग्न नाही गं. यांची नोकरी लागली."

तिनं सगळी पुस्तकं आमच्याच देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, एकावर एक.

"जेच्या घरी लागला," ती म्हणाली, "तेच्याच घरी देवी ऱ्हाते."