अण्णाची सोयरीक

"अक्का, माज्यासाठी पोरगी बगायला चलताव का?"

अण्णानं हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात भाकरीचा घास होता, आणि तो घास तिथंच राहिला. हुमनाबादच्या बसस्टँडमागच्या खानावळीत दुपारची गर्दी नुकतीच ओसरली होती. अण्णा माझ्यासमोर उभा होता, खांद्यावर पंचा, हातात डाळीची बादली. वय पंचेचाळिशीच्या पुढं, दारात वाकून शिरावं लागेल अशी उंची, आणि चेहरा मात्र शाळेत पट्टी खाऊन आलेल्या पोरासारखा.

"कोणासाठी?" मी घास गिळून विचारलं.

"माज्यासाठीच. दुसरं कोन हाय हितं?"

अण्णाला मी ओळखू लागले ती तुरुंगात. कलबुर्गीत आमची एक लहानशी संस्था आहे. आत असलेल्यांना भेटायचं, त्यांचा निरोप घरी पोचवायचा, वकील गाठून द्यायचा, आणि सुटून आलेल्या माणसाला राहायला खोली, करायला काम बघायचं, एवढंच आमचं काम. मी आळंद तालुक्यातली, बौद्ध घरातली. वडिलांना वाटायचं मी बँकेत लागेन. मी लागले ती तुरुंगाच्या फाटकावर सही करायला.

अण्णा जन्मठेप भोगून आला होता. तरुणपणी विहिरीच्या पाण्यावरून चुलत भावाशी भांडण झालं, हातात मेंढरं हाकायची काठी होती, आणि एका तडाख्यात तो भाऊ गेला. अण्णानं कधी 'चुकून झालं' म्हटलेलं मी ऐकलं नाही. "म्या मारलो," एवढंच म्हणायचा. चांगल्या वागणुकीवर सुटका झाली तेव्हा सख्ख्या भावांनी निरोप धाडला की गावात येऊ नको. मग आम्ही त्याला या खानावळीत लावून दिलं, कारण आत असताना इतकी वर्षं त्याच्याकडं स्वैपाकच होता.

अडचण एवढीच, की त्याला थोडं काही करताच येत नसे. हातच तसा बसलेला. खानावळीच्या मालकानं पहिल्या दिवशी डाळ करायला सांगितली, तर संध्याकाळी बसस्टँडवरचे हमाल, रिक्षावाले आणि दोन कंडक्टर फुकट जेवून गेले तरी पातेल्यात डाळ शिल्लक. मालक आधी वैतागला, मग डाळ चाखली, आणि मोठ्यानं हसत सुटला. तेव्हापासून त्यानं टेबलंच वाढवली.

"पोरगी कोण?" मी विचारलं.

अण्णानं नुसती मान वळवून कोपऱ्यातल्या टोपलीकडं बघितलं. टोपलीत पांढऱ्या फडक्याखाली कडक भाकरी होत्या. त्या दुबलगुंडीहून रोज सकाळी जीपनं एक बाई घेऊन यायची. मी तिला बघितलं होतं. चाळिशीला आलेली, ठसठशीत, बोलायला मोजकी. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला होता, आणि ती आई नि भावाजवळ राहून भाकरीचा धंदा करायची.

"बोललाव तिच्याशी?"

"व्हय. रोज बोलायलो की."

"काय बोलताव?"

"ती म्हणते, उद्या जास्त आणू का कमी. मी म्हणतो, जास्त." तो थांबला. "भाकरी उरायलीत अक्का. मालक रोज शिव्या देयलाय. पन कमी आन म्हणायला जीभ रेटत न्हाई."

मला तिथं हसू आवरेना. तो रागावला नाही. तोही हसायला लागला, आणि बादलीतली डाळ हिंदकळून दोघांच्या पायांवर सांडली.

"तिला तुमचं मागचं ठावं हाय का?" मी शेवटी विचारलं.

त्याचं हसू ओसरलं. "न्हाई. म्हणून तर तुमी चला. ते मीच सांगनार. पन सांगताना कोनीतरी माजं बाजूला बसलेलं पायजे."

ही बातमी मी ऑफिसात सरांना सांगितली. आमची संस्था सरांनी सुरू केलेली. निवृत्त गणिताचे मास्तर, विधुर, आणि इतके गंभीर की त्यांच्यासमोर कैदीसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मुलाकडून कोण कोण जाणार?"

"तुम्ही आणि मी."

"मग मी चुलता. तू बहीण." आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस फेटा बांधून आला. फेटा कुठून आणला, कुणी बांधून दिला, आजवर सांगितलेलं नाही. बसमध्ये खिडकीतून वारा येऊ नये म्हणून हुमनाबादपर्यंत दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते.

हुमनाबादला अण्णा आमची वाट बघत होता. आम्ही येणार हा निरोप खानावळीच्या मालकानं दुबलगुंडीला आधीच धाडला होता. अंगात गुलाबी शर्ट. दुकानदारानं गळ्यात मारलेला दिसत होता, आणि बाह्या कोपराच्या थोड्याच खाली येत होत्या. सरांनी त्याच्याकडं बघितलं, त्यानं सरांच्या फेट्याकडं बघितलं, आणि दोघंही एकदम म्हणाले, "बरं दिसायलाय." टमटममध्ये मी तोंडावर पदर दाबून बसले. खड्डा आला की पदर सुटायचा आणि मी हसायची. मी हसले की शेजारची अनोळखी म्हातारी हसायची, ती हसली की टमटमवाला. कशाला हसायलाव हे कुणालाच विचारायचं नव्हतं. अण्णा तेवढा खांब धरून एकटक रस्त्याकडं बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. काय सांगायचं त्याची उजळणी चालली होती.

तिचं घर साधं, पत्र्याचं, अंगण शेणानं सारवलेलं. चटईवर बसवलं. तिची आई समोर बसली, बारीक, कडक नजरेची. मोठा भाऊ खांबाला टेकून उभा राहिला. सरांनी मुलाचे चुलते म्हणून स्वतःची ओळख करून दिली, आणि पावसापाण्याचं, तुरीच्या पिकाचं बोलणं काढणार, इतक्यात पाण्याचा तांब्या तसाच समोर असताना अण्णा बोलून बसला.

"मी जन्मठेप भोगून आलो."

सरांचा हात फेट्यावर गेला. भाऊ खांबापासून दूर झाला आणि अंगणाबाहेर निघून गेला.

म्हातारी जागची हलली नाही. "कुणाला मारलास?"

"चुलत भावाला."

"कामून?"

"पाण्यावरनं. राग आला. काठी हातात होती." त्याचा आवाज खाली गेला, पण थांबला नाही. "त्याची माय अजून हाय. सुटल्यावर मी गेलतो तिच्याकडं. तिनं दार लावलं न्हाई. पन बोलली बी न्हाई. मी उंबऱ्याभायेर बसलो आन संध्याकाळी उठून आलो."

मी त्याच्या बाजूला बसले होते, ठरल्याप्रमाणे. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेवढ्यात स्वैपाकघराच्या दारातून आवाज आला. "मला म्हाईत हाय."

ती चुरमुऱ्यांच्या सुशीलाची ताटली घेऊन उभी होती.

"काय म्हाईत हाय?" आईनं विचारलं.

"ह्येच सगळं. खानावळवाल्या मामानं पयल्याच हप्त्यात सांगितलं." ती अण्णाकडं बघत होती. "तुमी कवा सांगताव ते बगायलते."

अण्णाचं तोंड उघडं ते उघडंच. "आन तरी भाकरी आनत हुतीस?"

"तुमी रोज जास्त आन म्हणायलाव. मग आनू न्हाई तर काय करू?"

म्हातारी आधी हसली. घशातल्या घशात, कोंबडीसारखी. मग मी. मग सर, आणि सर हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांचं हसणं शिंकांसारखं येत होतं, एकामागून एक, आणि प्रत्येक वेळी फेटा थोडा थोडा खाली सरकत होता. शेवटी तो डोळ्यांवर आला तरी ते हसतच होते.

पण भावाचं काय? तो बाहेरून आला तेव्हा चेहरा तसाच बंद. "मला इचार करायला पायजे," तो म्हणाला. "गल्लीत काय सांगू? लोक मला इचारतील."

"कर इचार," म्हातारी म्हणाली. "तवर जेवून जाऊ दे पावण्यांना. आन जेवण ह्योच करील. माझी लेक सहा महिने झालं ह्याच्या वांग्याच्या भाजीचं सांगून सांगून डोस्कं खायलीय. बगू तरी."

अण्णा एवढा सुखावला की उठताना त्याचं डोकं पत्र्याला लागलं. बाह्या सावरायची गरजच नव्हती, त्या वरच होत्या. अंगणात चूल मांडली. म्हातारीनं टोपलीभर वांगी दिली. अण्णानं ती हातात घेऊन बघितली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "बाकीची कुठं हायेत?"

"हीच सगळी," ती म्हणाली.

तो गोंधळला. मग शेजारच्या कुंपणाजवळ गेला. तिथल्या बाईनं तिची वांगी दिली. तिच्या पलीकडच्यांनी शेंगदाण्याचं कूट दिलं. कुणी लग्नकार्याचं पातेलं काढून आणलं. ते चुलीवर बसेना, म्हणून दगड आणून दुसरी चूल मांडली. वाटण परतायला घेतल्यावर वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि लोक येऊन अंगणाच्या कडेला उभे राहू लागले. भाकरी तर त्या घरात टोपल्या भरून होत्याच. ती आत बसून आणखी थापत होती, आणि तिच्या थापण्याचा आवाज बाहेर आला की अण्णाचा पळीचा हात भराभर फिरत होता.

आता एवढी माणसं जमल्यावर वाढायचं कुणी? घरचा कर्ता भाऊच. तो नाइलाजानं पुढं झाला. पातेल्यातून भाजी काढायची, ताटात वाढायची, पुढच्याला विचारायचं, आणखी घे, लाजू नको. पहिल्या पंगतीला त्याचा चेहरा आंबट होता. दुसऱ्या पंगतीला त्यानं मधेच एक वांगं तोंडात टाकलं आणि थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग शेजारच्या म्हाताऱ्यानं ताट पुढं करत विचारलं, "का रं, आज कशाचं जेवण?"

अण्णा चुलीपुढं, पळी हवेतच. भाऊ त्या म्हाताऱ्याकडं बघत होता, हातात भाजीचं भांडं.

"भनीचं जमलं," तो म्हणाला. आणि त्याच्या ताटात आणखी एक वांगं टाकलं.

आपण काय बोललो हे त्याला दोन ताटं पुढं गेल्यावर कळलं असावं. तो मान खाली घालून वाढत राहिला, पण त्याचे कान लाल झालेले मी बघितले. आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

लग्न उन्हाळ्यात झालं, तिच्या दारातच. अण्णाच्या भावांपैकी कुणी आलं नाही. चुलतीकडं, त्या गेलेल्या भावाच्या आईकडं, पत्रिका द्यायला तो स्वतः गेला होता. तिनं पत्रिका हातात घेतली आणि दोन्ही हातांत धरून बसली, एवढंच त्यानं मला सांगितलं. तीही आली नाही, आणि येईल असं आम्ही कुणी धरलं नव्हतं.

तरी मुलाकडची बाजू भरली होती. खानावळीचा मालक, बसस्टँडवरचे हमाल, आमच्या संस्थेतली माणसं, आणि तुरुंगात त्याच्यासोबत राहून सुटलेले चार-पाच जण, जे मांडवात सुद्धा रांगेत उभे राहिले आणि मग एकमेकांकडं बघून रांग मोडत हसले. तिच्या एका मामानं मला विचारलं, "तुमी कोनच्या घरच्या? मुलाच्या कोन?" मी सांगितलं, बौद्ध घरातली, आळंदकडची. मामा बुचकळ्यात पडला. बाशिंग बांधून बसलेला अण्णा मधेच बोलला, "भन हाय माजी. मला भेटायला येयची." मामानं मग पुढं विचारलं नाही. बहिणीचा मान म्हणून मला साडी दिली, हिरवी, आणि मी ती तिथंच अंगावरच्या साडीवर गुंडाळून घेतली, कारण सोडून बदलायला मला धीर नव्हता.

मंगलाष्टका म्हणायला भटजींसोबत सर उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माईक हातात आला आणि त्यांनी पाढ्यांच्या चालीवर सुरुवात केली. एका ओळीला भटजी पुढं, दुसऱ्या ओळीला सर. लोकांना अक्षता कधी टाकाव्यात ते कळेना, म्हणून सगळे सतत टाकत राहिले. नवरी खाली बघून हसत होती, नवरा वर बघून हसत होता, आणि अंतरपाट धरलेल्या दोघांच्या हातांना हसण्यानं कंप सुटला होता.

मग हलगी वाजली. मी नाचले. वडिलांसमोर कधी नाचले नव्हते तशी, दोन साड्या सावरत, चप्पल कुठंतरी टाकून. नवरीच्या भावानं माझा हात धरून मला रिंगणाच्या मधोमध ओढलं, आणि म्हातारी टाळ्या वाजवत ओरडून सांगत होती, पोरीला जागा द्या.

परत निघालो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. केसांत तांदूळ, तळपायाला फोड, आणि पोटात हुग्गी, गव्हाची ती गूळ घातलेली खीर, इतकी की खाली वाकता येत नव्हतं. जीपमध्ये कुणी काही बोललं की बाकीचे आधीच हसायचे, बोलणं पुरं व्हायच्या आत. सर पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते, फेटा मांडीवर, आणि डॅशबोर्डवर बोटांनी हलगीचा ठेका धरून होते. ठेका चुकत होता. ते कलबुर्गीपर्यंत वाजवत राहिले, आणि आम्ही कुणीच त्यांना थांबवलं नाही.