कोरी ओळ

"टेबल कशाला शोधतोस? वाक की जरा."

गिरणीचा मॅनेजर असं म्हणाला आणि मी वाकलो. सात रस्त्याजवळच्या बंगल्याच्या पायरीवर, चपला काढून. माझ्या पाठीवर नोंदवही ठेवून गिरणीच्या गोऱ्या इंजिनिअरने सही केली. पेनचं टोक मणक्यावरून सरकलं. मॅनेजर हसला. "सरकारी टेबल हाय हे. हलायचं न्हाय." इंजिनिअर गाडीत बसला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मी सोलापूरच्या पोलीस कचेरीत कारकून होतो. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. परदेशातून शहरात आलेल्यांची नोंद माझ्या टेबलावर व्हायची. आमची एक रीत होती. रोजच्या नोंदी संपल्या की खाली एक ओळ कोरी सोडायची. बड्या माणसाचा कागद उशिरा आला तर मागच्या तारखेला बसवता यावा म्हणून. इंजिनिअरचा परवाना संपून दीड महिना झाला होता. मुदतवाढीचा अर्ज त्याने केलाच नव्हता. साहेबांनी सांगितलं आणि मी त्याचा अर्ज दीड महिन्यापूर्वीच्या कोऱ्या ओळीत बसवला. सहीसाठी वही त्याच्या दारात नेली.

तिथे वाकलो असताना मला डोळ्यांपुढे हमीदाबी दिसली. आठवड्यापूर्वीची.

हमीदाबी सोलापूरचीच, आमच्या गल्लीतली. माझी आई आणि तिची आई एका उंबऱ्यावर बसून विड्या वळायच्या. लग्न होऊन ती कराचीला गेली आणि आपल्याच गावात परदेशी झाली. आईला अर्धांगवायू झाला म्हणून महिन्याभराच्या व्हिसावर आली. शनिवारी दुपारी गाडीतून उतरली. चोवीस तासांत कचेरीत हजेरी द्यायची, असा नियम. रविवारी सकाळी ती हजर. मी एकटाच होतो, कपाट आवरत.

"तू शांताबाईका पोट्टा नै क्या?" ती हसली. "कित्ता बड़ा हो गया रे!"

मी नजर चुकवली. पाकिस्तानची बाई मला ओळखते हे कुणाला कळू नये, एवढंच डोक्यात.

"आज सुट्टी. उद्या या."

सोमवारी साहेबांनी तिला दोन तास दाराबाहेर उभं केलं. मग म्हणाले, "उशीर झाला. कायदा मोडलात तुम्ही."

"साब, मैं कल आयी थी ना. येच बोले, कल आव." तिने माझ्याकडे बोट केलं.

"काय रे? आली होती?"

वही समोर उघडी होती. शनिवारची ओळ कोरी होती. तिचं नाव तिथे सहज बसलं असतं.

"मला आठवत नाही, साहेब."

तिने बोट खाली घेतलं. नुसती बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिला देश सोडून जायचा हुकूम आला. दोन शिपायांनी तिला गाडीत बसवलं. दुसऱ्याच दिवशी तिच्या आईने प्राण सोडला. मयतीला माझी आई जाऊन आली. मी घरात बसून राहिलो.

बंगल्यावरून परतलो तेव्हा पेनचं ते टोक पाठीवर अजून सरकत होतं. लाल शाई घेतली. वहीतली एकेक कोरी ओळ काट मारून बंद केली.

"हे कुणाच्या हुकमानं?" साहेब.

"कुणाच्याच नाही."

"आजची ओळ सोड."

"सोडणार नाही."

महिन्याभरात करमाळ्याला बदली झाली. बढती पुढे कधीच मिळाली नाही. त्याचा मोठेपणा मला नको. माझी पाठ वाकली तेव्हा माझं तोंड उघडलं. तिच्यासाठी उघडायचं होतं तेव्हा मी गप्प होतो. गप्पही नाही. खोटं बोललो.

अजून रविवारी सकाळी दार वाजलं की मी दचकतो. ती हसून विचारते, शांताबाईका पोट्टा नै क्या?

हौ. मीच तो.

म्हणून लिहून देतो. हमीदाबी रविवारी सकाळी आली होती. वेळेत आली होती. तिला परत मी पाठवलं. कुणी विचारलं तर हे सांगेन, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत राहीन.

मला आठवतं, साहेब.