वामनरावांची फुलं आणि धर्मेंद्रचा रेडा

धर्मेंद्र निमकर्डेच्या गाडीला गावात कुणी गाडी म्हणत नाही. रेडा म्हणतात. रंग काळा, नाक पुढे आलेलं, आणि चालू झाली की अशी फुरफुरते की बांधावरच्या शेळ्या चरायचं थांबतात. धर्मेंद्रला त्याचा राग येत नाही. "रेडा त रेडा," तो म्हणतो. "चिखलात दुसरं कोन चालते?"

वय बेचाळीस, अंगानं किरकोळ, बोलणं मोजकं. इंजिनाचा विषय निघाला तर मात्र समोरच्याचा चहा थंड होतो. आयटीआय करून तो अकोल्याच्या एका गॅरेजात लागला होता. तिथे गिऱ्हाईकाचा बदललेला जुना पार्ट तो पुसून, कागदात गुंडाळून त्याच्या हातात परत द्यायचा. मालक हसायचा, गिऱ्हाइकं मात्र धर्मेंद्रलाच शोधत यायची. पुढे वडिलांचे, वामनरावांचे, गुडघे दुखायला लागले आणि तो मूर्तिजापूरजवळच्या फुलमळ्यात परत आला. झेंडू आणि शेवंती ही घरची शेती. पण हाताला लागलेलं काळं ऑइल काही गेलं नाही. विहिरीजवळच्या शेडमध्ये त्यानं लिलावातली जुनी पेट्रोल जीप आणून उभी केली. पाइप वाकवून, वेल्डिंग करून नवा सांगाडा चढवला आणि एका भंगारातल्या मोटारीचा टर्बो बसवला.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोल किती वाढवायचं आणि ठिणगी किती आधी टाकायची, हे दर वेगाला, दर ओझ्याला वेगळं सांगावं लागतं. ते सांगायला एक छोटा कंप्युटर गाडीत बसवलेला, आणि त्याला शिकवायला लॅपटॉप. शिकवताना माणसं दोन लागतात. एकानं गाडी हाकायची, दुसऱ्यानं हवा-पेट्रोलच्या मीटरवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा. हे दुसरं काम रागिणीचं, त्याच्या बायकोचं. बाजारात फुलांचा भाव पुकारून तिचा आवाज असा तयार झालेला की टर्बोच्या शिट्टीवरूनही ऐकू येई.

"तेरा! साडेबारा! बारा! अवो, खाली येऊन राहिला!"

"येऊ दे. ओझ्यावर साडेअकरा पायजे."

असं पावसाळाभर चाललं होतं. फक्त वामनराव शेडकडे फिरकत नव्हते. दोन वर्षांत त्यांनी त्या गाडीला बोटही लावलं नव्हतं.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी सगळं कसाला लागलं. अमरावतीच्या फुलबाजारात वर्षातला तो मोठा दिवस. फुलं तोडून क्रेटमध्ये भरून शेडखाली तयार होती. डांबरी सडकेवर टेम्पो उभा होता. मधली पांदण, म्हणजे शेताशेतातून जाणारी वाट, मात्र काळ्या मातीची, चार दिवसांच्या पावसानं लोण्यासारखी झालेली. तिथे ट्रॅक्टर रुततो, बैल बसतात. म्हणून दर वर्षी तोडणाऱ्या बायाच क्रेट डोक्यावर घेऊन जात. त्यांची म्होरकी पार्वताबाई, साठीची, जिभेनं तिखट.

"बाबा, या खेपेस रेड्यावर नेऊ," धर्मेंद्र म्हणाला.

वामनराव क्रेटवर ओलं पोतं पांघरत होते. वर न पाहता म्हणाले, "फुलं हायेत ते. विटा नाईत. आधी मातीचे पोते भरून सडकेवर जाऊन दाखव. गेला त फुलं देतो. नाई गेला त सन झाल्यावर हे भंगार भंगारवाल्याले."

"मंजूर."

पार्वताबाई पदर खोचत म्हणाली, "जाऊ दे बापा एकदाचा! माह्या मानीले तरी सुख. पन लवकर कर, नाईतर तुह्या रेड्यालेच डोक्यावर घेऊन जा लागंन आमाले."

घाईघाईत चहा झाला, पोती चढली. रागिणी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. रेडा निघाला, चिखल उडवत, झुलत, अगदी झोकात. नाल्याच्या चढावर धर्मेंद्रनं पाय दाबला, टर्बोची शिट्टी वाजली, आणि आतून आवाज आला: टक, टक, टकटक. कढईत लाह्या फुटाव्यात तसा. त्यानं झटकन पाय काढला. पेट्रोल वेळेआधी भडकत होतं. असंच दाबत राहिलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

"आकडा?"

"साडेअकरा. बरोबर त हाये!"

आकडा बरोबर आणि आवाज वाईट. काल याच चढावर, एवढ्याच ओझ्यानं, इंजिन गुपचूप चढलं होतं. त्यानं ठिणगी थोडी उशिरा केली. टकटक होतीच. आणखी उशिरा केली, पेट्रोल वाढवलं. टकटक थांबली, पण आता रेड्यात जीवच उरला नाही. अर्ध्या चढावर धापा टाकून तो मागे घसरला.

वरून बाया पाहत होत्या. "रेड्याले गूळ-भाकर द्या कोनी!" एक ओरडली. वामनराव काठी टेकत नाल्यापर्यंत आले आणि घसरलेल्या चाकांकडे पाहत उभे राहिले. ती नजर धर्मेंद्रच्या मानेला टोचली. त्यानं पुन्हा लॅपटॉप उघडला. सगळे आकडे कालचेच. मग बिघडलं काय?

तेवढ्यात रागिणीनं नाक वर केलं. "अवो, कुठी फवारनी चालू हाये का?"

"सनाच्या तोंडावर, अशा चिखलात कोन फवारंन?"

"मंग पंपाचा वास कुठून येऊन राहिला?"

धर्मेंद्र थांबला. वास खराच होता. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन चालताना नाकात जातो तोच. तो मागे धावला. सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता. त्यानं टाकीचं झाकण काढून वास घेतला, आत नळी घालून बाहेर काढली आणि बोटांत चोळली. बुळबुळीत. फवारणी पंपासाठी ऑइल कालवून कॅनमध्ये ठेवतात, ते पेट्रोल. त्या लहानग्या इंजिनाला ते लागतंच. टर्बोच्या इंजिनाला मात्र ते विष, दाब आला की आधीच पेट घेतं.

"टाकीत पंपाचं पेट्रोल कोनं टाकलं?" त्याचा आवाज चढला. "रागिणी?"

"मी काहून टाकू?"

वामनराव पलीकडच्या बाभळीकडे पाहत होते. फार लक्ष देऊन पाहत होते.

"मामाजी?" रागिणी सासऱ्यांना हळूच म्हणाली.

"काटा खाली दिसला," वामनराव बाभळीलाच म्हणाले. "मंगाशी तुमी चहा घेऊन राहिले होते तवा. म्हटलं, पोट्टा चार बायांदेखत चिखलात अडकीन. पेट्रोल त पेट्रोल. मले काय मालूम, याचे नखरे वेगळे हायेत."

मग पार्वताबाईनं कपाळावर हात मारला. "अगं माय! म्हंजे भंगारवाल्याले द्यायची, आन् देयाच्या आंधी पोटभर खाऊ घालायचं!"

बाया हसत सुटल्या. धर्मेंद्रला रागवायचं होतं, पण तोंड काही ऐकेना; तोही हसला, आणि रागिणी तर लॅपटॉप सांभाळत खालीच बसली. वामनरावांच्या मिशाही हलल्या.

"हसता काय? काढा ते," ते म्हणाले. "माह्या मोटरसायकलचं घे. कालच भरली."

वामनरावांची मोटरसायकल सख्ख्या जावयालाही मिळत नसे. धर्मेंद्रनं टाकी रिकामी केली, नळीनं चांगलं पेट्रोल ओतलं आणि लॅपटॉपमधून कालच्या आकड्यांचा तक्ता परत चढवला. चढावर टर्बोची शिट्टी वाजली. रागिणीनं आकडा पुकारला. बाकी आवाज नाही. रेडा पोत्यांसकट वर गेला, आणि बायांनी असा गलका केला की सडकेवरचा टेम्पोवाला काय झालं म्हणून पांदणीत धावत आला.

मग फुलं चढली. वामनराव स्वतः एकेक क्रेट देत होते.

"बस, बाबा. जास्त होते."

"काय जास्त? आनखी दोन बसते."

"स्प्रिंगा बसतीन!"

"तू लोखंडाचं पाह्य, फुलाचं मले कयते," असं म्हणून त्यांनी आणखी एक ठेवलाच. धर्मेंद्रनं तो उतरवला. त्यांनी परत चढवला. शेवटी तो क्रेट मांडीवर घेऊन ते स्वतःच आत बसले, आणि धर्मेंद्रनं गाडी चालू केली.

सडकेवर पोचल्यावर त्यांनी अमरावतीच्या केशवराव अडत्यांना फोन लावला. "हो हो, निंगाले. संद्याकाळच्या आत येते... नाई, बायांच्या डोक्यावर नाई. गाडीनं... घेतली नाई हो. कंपनीची नाई." त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "याच्यात काय बसोलं म्हनतू तू?"

"टर्बो."

"टर्बो!" टेम्पोवाल्यालाच काय, पलीकडच्या शेतातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वामनराव फोनमध्ये म्हणाले. "घरची हाये. पोट्ट्यानं बनोली!"