पन्हळीला बसवलेली तोटी

कंधार, लातूर, शिरूर अनंतपाळ आणि जिथं जिथं आमच्या दुकानाची टाकी, ड्रम किंवा धान्याची कोठी पोचलेली आहे अशा सर्व गावांतील सुज्ञ नागरिकांस, तसेच ही गावं सोडून पुण्याला, हैदराबादला, दुबईला गेलेल्या समस्त मंडळींस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, तीन पिढ्या पत्र्यात पाणी साठवून देणाऱ्या घराण्यातल्या एका इसमाने पाणी हाकलून लावण्याचा धंदा पत्करला आहे. तो इसम मी. बातमी बावीस वर्षं जुनी आहे, पण आमच्या गल्लीत तिच्यावर अजून चर्चा चालते असं कानावर येतं, म्हणून हा खुलासा.

निघालो तेव्हा मे महिना होता. कंधारच्या स्टँडवर एसटीत चढताना माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात कातर, पत्रा ठोकायची लाकडी मोगरी, जोडांना कथलाचा डाग द्यायचं लोखंड आणि दोन शर्ट. अम्मीनं वरून दहा लिटर पाण्याचा कॅन दिला. नव्या गावाचं पाणी पोटाला बाधतं, पुरवून पुरवून पी, हे तिनं मला तीनदा सांगितलं आणि कंडक्टरला एकदा. मी कोकणात निघालो होतो. कोकणात पाणी घेऊन जाणारा इतिहासातला पहिला माणूस मीच असेन. त्या कॅनचं वेगळं तिकीट फाडावं का, यावर कंडक्टरनं प्रामाणिकपणे विचार केला.

अब्बा जरा लांब उभे होते. ते घरात दखनी बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी. आणि भांडणं सगळी गिऱ्हाइकांशीच व्हायची, त्यामुळे रागावले की आमच्याशीही मराठीच. त्या दिवशी ते मराठीत म्हणाले, "जा बाबा. पर पानी घालवायचं पाप हाय. आपल्या हातानं ते व्हनार न्हाई, बघ तू." मग गाडी सुटेपर्यंत ते एसटीच्या टपाचे जोड न्याहाळत राहिले.

त्यांचा राग समजून घ्यायचा तर आमचा धंदा समजून घ्यायला हवा. आपल्याकडे काळी माती वर, काळा खडक खाली, आणि दोघांच्या मधे पाणी आहे की नाही हे बोअर मारल्याशिवाय कळत नाही. पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, आणि चहा घ्यायच्या आत उठतो. म्हणून जे येईल ते धरून ठेवायचं. ते धरून ठेवण्यावर आमचं घर चाललं. उन्हाळ्यात टाक्या आणि ड्रम, तूर-ज्वारी घरात आली की कोठ्या. हवा कोरडी, त्यामुळे पत्रा गंजत नाही. आजोबांनी केलेली कोठी नातवाच्या लग्नात दाणे देते. लातूरच्या गल्ल्यांत आमचे ड्रम दारापुढे साखळीनं बांधलेले असायचे, कुलूप लावून. दागिने कपाटात, पाणी रस्त्यावर, आणि कुलूप दोन्हीला सारखंच. माझं अक्षर बरं होतं म्हणून ड्रमवर नावं रंगवायचं काम माझ्याकडे. मुलगी द्यायच्या आधी पाहुणे दारातले ड्रम मोजून जात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एका नवरदेवाकडच्यांनी त्या दिवसापुरते शेजाऱ्याचे दोन ड्रम आणले आणि त्यांच्यावरची नावं मला घाईघाईनं बदलायला लावली. लग्न झालं. संसार चांगला चालला आहे, म्हणून गावाचं नाव सांगत नाही.

मग काळी प्लास्टिकची टाकी आली. हलकी, गळत नाही, डाग द्यावा लागत नाही. दुकानात दोघांचं काम राहिलं नाही. अब्बा म्हणायचे, लोक परत पत्र्याकडे येतील. मी वाट बघायला तयार होतो, पण वाट बघण्यासाठीसुद्धा एकच माणूस पुरेसा होता.

अशात कोकणातल्या लांज्याकडचे एक साहेब बँकेत बदलून कंधारला आले. दुकानात बसता बसता म्हणाले, "आमच्याकडे ये. पन्हळ करणारा पत्रेवाला मिळत नाही." मी विचारलं, पन्हळ म्हणजे काय. ते म्हणाले, छपराच्या कडेला लावायची लांब नाली. छपरावरचं पाणी ती गोळा करते आणि घरापासून लांब नेते. मी अत्यंत मन लावून विचारलं, "आणि मग साठवता कुठं?" साहेबांना हसता हसता ठसका लागला. त्यांना पाणी द्यावं लागलं. अर्धा तांब्या.

लांज्यात माझं पहिलं काम सुलभाकाकूंचं. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, एकट्या राहायच्या. कौलारू घर, मातीच्या भिंती. छपराच्या कडेवरून पागोळ्या पडून पडून भिंतीचा पाया उकरला गेला होता. आणखी एक पावसाळा ही भिंत काढत नाही, असं गवंडी सांगून गेला होता. काकू मला माप दाखवून लेकीकडे पुण्याला गेल्या. पाऊस यायच्या आत येते म्हणाल्या.

आता माझा विचार करा. मी माळवदाच्या गावचा. आपल्याकडे घराचं छप्पर सपाट, त्यावर मिरच्या वाळतात. टाकी सपाट. अब्बा टाकीच्या काठावर पाण्यानं भरलेली बशी ठेवून बघायचे. एका बाजूला जराही कलली तर काम परत. उतार म्हणजे कारागिराची लाज. मी जन्मभर शिकलेलं सगळं कसब त्या पन्हळीत ओतलं. इतकी सपाट पन्हळ रत्नागिरी जिल्ह्यात त्याआधी झाली नसेल. दोन्ही टोकं बंद केली, कारण उघडं टोक बघवत नाही. आणि मग, काकूंची सोय व्हावी म्हणून, एका टोकाला खाली पितळी तोटी बसवली. लागेल तेवढं पाणी घ्यावं, बाकीचं राहू द्यावं.

काकू आल्या, बघितलं. "ही तोटी कशाला रे?"

"पाणी घ्यायला."

"आणि फिरवायची कुणी?"

"तुम्हीच. वाया जायला नको."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. घाटावरच्या लोकांची काहीतरी पद्धत असेल असं त्यांना वाटलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पन्हळ भरली. भरायला माझा चहा संपेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. मी धावत जाऊन तोटी सोडली. करंगळीएवढी धार लागली. वरून मात्र अख्खं छप्पर ओतत होतं. पत्र्याचा एकही जोड सुटला नाही, हे मी अभिमानानं नमूद करतो. सुटले ते वासे. माझी पन्हळ पाण्यासकट, तोटीसकट पडवीत उतरली. काकूंनी पावसाळ्यासाठी रचलेली सगळी लाकडं भिजली, वाळवलेली आमसुलं भिजली, आणि जी भिंत वाचवायची होती तिचा कोपरा ढासळला.

मी पेटी भरायला लागलो. आपल्याकडे कुणाचं पाणी सांडलं तर तो माणूस वर्षभर त्या घराच्या दारातून मान खाली घालून जातो. इथं तर मी घरच सांडलं होतं.

काकूंनी ओल्या लाकडावर फुंकून फुंकून चहा केला. त्याला अर्धा तास लागला. कप हातात देऊन म्हणाल्या, "मोठीच टाकी केलीस रे. चल, आता पन्हळ कर." मग मला पडवीत उभं करून त्यांनी एक लांब, नालीसारखा वाकवलेला पत्रा घेतला, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि तांब्याभर पाणी ओतलं. "तुझ्याकडचं टोक जरा खाली घे. अजून जरा. हां. बघ, पाणी आपण होऊन जातं. त्याला जाऊ द्यायचं." पस्तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईनं मला माझा धंदा शिकवला. अंगणातल्या चिऱ्यांवर ते पाणी सांडलं, आणि मी पटकन तिथं कप धरला. काकू तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

हे सगळं मी अब्बांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मी काय बोललो व्हतो? वापस ये." मी गेलो नाही. कोपऱ्याची भिंत काकूंना बांधून दिली, पन्हळ उताराची केली, आणि तो पावसाळा ती टिकली. दिवाळीपर्यंत आजूबाजूच्या सात घरांत काम मिळालं, काकूंच्या शब्दावर. उदगीरच्या माझ्या बायकोनं पुढं इथं संसार मांडला, दोन लेकी इथं शिकल्या. त्या 'पागोळी' म्हणतात आणि 'लई' पण म्हणतात, एकाच वाक्यात.

आणखी एक गोष्ट हळूहळू कळली. इथं एवढं पाणी पडतं, पण थांबत नाही. चिऱ्याच्या जांभ्या दगडातून झिरपतं, डोंगरावरून पळतं, समुद्रात जातं. एप्रिलमध्ये वरच्या वाड्यांच्या विहिरी तळाला लागतात आणि बायका आपल्या शिरूर अनंतपाळच्या बायकांसारख्याच हंडे घेऊन चालतात. प्लास्टिकची टाकी तिथं चढत नाही, कारण गाडीच जात नाही. पत्रा मात्र गुंडाळून डोक्यावर नेता येतो आणि टाकी जागेवर बनवता येते. म्हणजे पावसात मी पाणी घालवतो आणि उन्हाळ्यात अब्बांनी शिकवलेलं काम करतो. दोन हवामानांनी मिळून मला पोसलं. कुणाचे आभार आधी मानू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या जुलैत अब्बा आले. अम्मी तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर त्यांनी कंधार सोडलंच नव्हतं. आता पत्र्याच्या कोठ्यांना परत मागणी आली होती, त्यांचं म्हणणं खरं झालं होतं, आणि नेमका तेव्हाच डाग देताना त्यांचा हात थरथरायला लागला होता. पेटी ठेवता ठेवताच ते म्हणाले, "चार दिवस बघतो तू काय करून राहिला. पाचव्या दिवशी संग निघू." माझी बायको स्वयंपाकघरात थांबली. लेकींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची पेटी उचलून आत नेली. बापाला नाही म्हणायचं बळ मी एकदा स्टँडवर आणि एकदा फोनवर खर्च केलं होतं, तिसऱ्यांदा नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांनी खरंच चल म्हटलं असतं तर मी गेलो असतो.

पहिल्या दिवशी त्यांनी घरातली भांडी पागोळ्यांखाली लावली. दुसऱ्या दिवशी शेजारची मागून आणली. तोवर त्यांची लुंगी वाळत नव्हती, काडेपेटी पेटत नव्हती, मिठाचं पाणी झालं होतं आणि चपलेवर हिरवी बुरशी आली होती. तिसऱ्या दिवशी ते अंगणात हात मोकळे सोडून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे भांडी संपली होती आणि पाणी उरलं होतं. बराच वेळ उभे होते. सुनेनं छत्री नेऊन दिली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

घर म्हणजे काय, असं तिकडून फोन आला की तुम्ही विचारता. मला एवढंच कळतं की, बावीस वर्षं झाली तरी लांज्यातल्या माझ्या दुकानात आलेल्या माणसाला मी तांब्या अर्धाच भरून देतो. मुद्दाम नाही, हातच तिथं थांबतो. आणि तो माणूस सगळं पिऊन परत मागतो तेव्हा दुसरा तांब्या काठोकाठ भरताना मला जो आनंद होतो, तोही इथल्या कुणाला कळणार नाही. पहिला अर्धा तांब्या कंधारचा, दुसरा भरलेला लांज्याचा. माझं घर या दोन्हींत आहे, आणि मला ते पुरतं.

चौथ्या दिवशी पाऊस जरा थांबला तशी मी अब्बांना काकूंकडे घेऊन गेलो. काकू आता ऐंशीच्या आहेत. पन्हळ मी उन्हाळ्यात नवी बसवली होती. अब्बांनी शिडी मागितली. मी नको म्हणालो, ते चढले. खिशातून खडू काढून त्यांनी जोडांवर बाहेरून रेघा ओढल्या. जोड झिरपला की रेघ काळी पडते, टाकी तपासायची आमची रीत आहे ही. मग उतरून पडवीत बसले. काकूंनी चहा आणला.

पाऊस आला, आणि आला तो चांगलाच. समोरचा डोंगर दिसेनासा झाला. छपरावरचं सगळं पाणी पन्हळीत पडत होतं, टोकाकडे पळत होतं आणि मोठ्या आवाजानं खालच्या ओढ्यात उडी मारत होतं. भिंत कोरडी. अब्बा रेघांकडे बघत होते. सगळ्या रेघा पांढऱ्या होत्या. एक जोड, दुसरा जोड, तिसरा. त्यांचे ओठ मोजत होते. मी कप तसाच धरून बसलो होतो. चहा कधी गार झाला, माहीत नाही.

काकूंना राहवलं नाही. "मुलाला न्यायला आलात म्हणे?"

अब्बांनी कप खाली ठेवला. ते त्या पाण्याकडे बघत राहिले. ते कमी होत नव्हतं, वाढतच होतं. मग एकदम, कुणाकडे न बघता, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलून गेले:

"बाई, वरच्याला नळ बंद करता येत न्हाई. पोराला ठेवून घ्या."