खरजेचं औषध

खरूज कशी ओळखायची हे मला माहीत नव्हतं. तरी मी ती ओळखली, औषध दिलं आणि पथ्यही सांगितलं. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली आणि अजूनही नीट लिहिता येईल की नाही, याची खात्री नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. आमचं गाव जळकोटच्या बाजूचं. गावात लोकांना जिल्हा जवळ आल्याचं कौतुक होतं. मला मात्र त्यामुळं जातीचा, उत्पन्नाचा, सगळेच दाखले नव्या शिक्क्यानिशी परत काढावे लागणार होते. मी लातूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि आमच्या बौद्धवाड्यातून गेलेली पहिली मुलगी. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता आणि दादा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. कामाचा खाडा करून तहसीलला जायचं, दाखला काढायचा आणि एसटीनं लातूरला आणून द्यायचा, हे त्यांनी स्वतःचंच काम मानलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती ते कागद देत नसत.

होस्टेलच्या दारात कडुनिंब होता. भेटायला आलेल्यांनी त्याच्या सावलीत थांबायचं. त्या दुपारी मी वरच्या खिडकीतून पाहिलं तर दादा झाडाच्या बुंध्याला पाठ घासत होते. मग सदऱ्यात हात घालून पोट खाजवलं, मग पिंढऱ्या. शेवटी चप्पल काढून तळपाय पाराच्या दगडावर घासायला लागले.

माझ्या शेजारच्या कॉटवरची मुलगी खिडकीशी आली. तिचे वडील हेडमास्तर होते, कडक इस्त्रीच्या पँटमध्ये यायचे.

"अगं, झाड पडंल की! तुझ्या दादांना म्हणावं, आम्हाला थोडी सावली राहू द्या."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

आदल्या वर्षी होस्टेलवर खरजेची साथ आली होती. तेव्हा रेक्टरबाईंनी सगळ्यांना मानेपासून पायापर्यंत लावायचं पांढरं औषध दिलं, चादरी उकळायला लावल्या. ती साथ माझ्यापासून सुरू झाली नव्हती. पण कुणापासून आली असेल हे शोधताना आधी माझी चादर उचलून पाहिली गेली. कुणी काही बोललं नव्हतं. तेव्हापासून अर्धी बादली पाणी मिळालं तरी मी रोज साबण लावून आंघोळ करायचे, कपडे दोनदा हुंगायचे. दादांना झाडाला पाठ घासताना पाहिलं आणि मला पहिल्यांदा ती चादर आठवली. त्यांना काय होतंय, हा प्रश्न मनात आलाच नाही.

मी खाली गेले.

"दादा, हे काय चालवलंय?"

"खाज सुटलीया बाई. पंधरा दिस झाले, लई बेजार करून राहिलीय. झोपच न्हाई."

"आंघोळ करता का रोज?"

दादा हसले. "टँकर चौथ्या दिवशी येतो. ते पाणी प्यावं का अंगावर घ्यावं, तूच सांग."

त्यांनी दाखला पुढं केला. मी तो कोपऱ्याला धरून घेतला. मग म्हणाले, "बघ बरं, शिक्का बराबर हाय का." मी कागद पाहिला, हात पाहिले नाहीत.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून मी तेच पांढरं औषध आणलं. झाडाखाली उभी राहून, हातभर अंतर ठेवून, रेक्टरबाईंच्या आवाजात सगळं सांगितलं. मानेपासून खाली लावा. अंथरूण वेगळं ठेवा. ताट-तांब्या वेगळा. वहिनीची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. तिला अजिबात घेऊ नका.

"आणि बरं होईस्तोवर इकडं येऊ नका," मी म्हणाले.

"हाव," दादा म्हणाले. "बराबर हाय तुझं. तुला तरास नको." बाटली त्यांनी दाखल्याइतकीच जपून खिशात ठेवली.

महिन्याभरानं दुसरा दाखला आला तो वॉचमनच्या हातून. जेवणाच्या रांगेत सगळ्या मुलींसमोर तो म्हणाला, "ताई, तुमचे वडील देऊन गेले. मी म्हणलं, बसा, बोलावतो. तर म्हणले, न्हाई, लेकीनं मना केलंय."

मला लाज वाटली ती त्यानं सगळ्यांसमोर सांगितल्याची. आणि दादा न भेटता गेले म्हणून सुटल्यासारखं वाटलं. ही दुसरी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

परीक्षा संपवून मी उन्हाळ्यात गावी गेले. दादा घरात नव्हते. घराबाहेर, मागच्या भिंतीच्या कडेला त्यांचं अंथरूण होतं. शेजारी एक ताट, एक तांब्या. मायला विचारलं तर तीच गोंधळली. "तूच सांगितलंस की. शिकलेलं लेकरू म्हनल्यावर आमी ऐकलं." अडीच महिने ते असे जेवत होते. माय वरून भाकरी टाकायची, ते खाली ताट धरायचे. आमच्या आज्याला गावात पाणी असंच वरून ओतायचे, ही गोष्ट दादांनीच मला लहानपणी सांगितली होती. मायला ते आठवलं असेल का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दादा कामावरून आले ते मावळतीच्या आत. ऊन समोरून त्यांच्या तोंडावर होतं आणि त्यांनी मला पाहून डोळे मोठे केले. डोळ्यांतलं पांढरं पिवळं होतं. रात्री चिमणीच्या उजेडात कुणाला ते दिसलं नव्हतं. दिवसा तर सगळंच पिवळं, धुळीनं. गालफडं बसली होती, सदरा खांद्यावरून ओघळत होता.

"किती बारीक झालात दादा!"

"समदं गावच झालंय. मी कुठं येगळा?"

मायनं काविळीचा पाला देणाऱ्या माणसाचं नाव काढलं. मी यावेळी कुणाचं ऐकलं नाही, स्वतःचंही नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दादांना उदगीरला नेलं.

तिथले डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी दादांचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोटं फाकवून, प्रत्येक बेचकं उजेडाला धरून पाहिलं. मग मनगटं, मग कंबर. औषधानं जागोजागी कातडी भाजल्यासारखी झाली होती.

"हे खरजेचं औषध कुणी दिलं, मामा?"

"माझ्या लेकीनं," दादा म्हणाले. आवाजात अभिमान होता. "सायन्सला हाय ती."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "खरूज आधी बोटांच्या बेचक्यात बसते. बारीक पुरळ असतं. इथं बघ, काहीच नाही. नुसते ओरखडे आहेत. यांची खाज आतून आहे."

मी प्रथमच दादांचे हात पाहिले. खडीनं फुटलेले, नखांच्या रेघांनी भरलेले, आणि बेचक्यांत स्वच्छ.

मग डॉक्टर एकेक विचारत गेले.

"लघवीचा रंग?"

"लाल. पर समद्यांचाच तसा हाय. पाणी कुठंय प्यायला?"

"भूक?"

"लागत न्हाई. बरंच हाय म्हना, या सालात."

"पाठ दुखते?"

"दिसभर खडी फोडल्यावर दुखनारच की, सायेब."

"आणि शौचाला? रंग कसा?"

दादांनी माझ्याकडं पाहून मान खाली घातली. मी बाहेर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, ऐकू आलं. "राखेवानी. लई दिस झाले. असलं कुनाला सांगावं?"

एसटीत परत येताना मी हे सगळं जुळवत होते. दुष्काळानं प्रत्येक लक्षणाला एक कारण आधीच देऊन ठेवलं होतं. वजन उतरलं ते उपासानं, लघवी गडद झाली ती उन्हानं, पाठ गेली ती खडीनं. खाजेला तेवढं कारण द्यायचं उरलं होतं आणि ते मी दिलं.

डॉक्टरांना उजव्या बरगडीखाली न दुखणारा गोळा हाताला लागला होता. पित्ताचा खडा असता तर बहुतेक कळ आली असती, असं म्हणून त्यांनी नांदेडला सरकारी दवाखान्यात जायची चिठ्ठी दिली. तिथं रक्त-लघवी तपासली. लघवीत साखर निघाली, जी दादांना कधीच नव्हती. सर्जननी मला आणि माझ्या भावाला बाहेर बोलावलं.

"स्वादुपिंड माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. बेडकाचं," मी म्हणाले आणि जीभ चावली.

ते हसले नाहीत. "मग तुला पटकन कळेल. यकृतातून पित्ताची नळी निघते, ती स्वादुपिंडाच्या डोक्यातून आतड्यात उतरते. त्या डोक्यात गाठ वाढली की नळी चेपते. पित्त आतड्यात जात नाही, म्हणून शौच फिकट होतं. ते रक्तात साचतं, म्हणून खाज, गडद लघवी आणि मग डोळे पिवळे. पुष्कळदा दुखत नाही, म्हणून माणूस येतच नाही. मला कॅन्सरची शंका आहे. पोट उघडल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. गाठ लहान असेल, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली नसेल, तर काढण्यासाठी मुंबईला पाठवू. चिकटली असेल तर पित्ताला दुसरी वाट करून देऊ. गाठ राहील, पण खाज जाईल."

आता पोट न उघडता तपासण्या होतात आणि तोंडातून दुर्बीण घालून नळीत जाळी बसवतात, असं मी नंतर वाचलं. गाठीवर औषधंही आहेत. आमच्या वेळी आमच्यापर्यंत यातलं काही पोचलेलं नव्हतं.

गाठ चिकटलेली होती. सर्जननी पित्ताची पिशवी आतड्याला जोडली आणि पोट शिवलं.

मी दोन दिवस धीर गोळा करून त्यांना विचारलं. दाखल्याची, झाडाची गोष्ट सांगितली नाही. एवढंच विचारलं, "खाज सुरू झाली तेव्हाच आणलं असतं तर?"

त्यांनी चष्मा पुसला. "सांगता येत नाही. बहुतेक वेळा लक्षण दिसतं तेव्हाच उशीर झालेला असतो." चष्मा परत लावत म्हणाले, "बहुतेक वेळा. नेहमीच नाही."

त्यांनी मला दिलासा द्यायला पहिलं वाक्य म्हटलं असेल आणि खोटं बोलायचं नाही म्हणून दुसरं. मला दोन्ही पाठ आहेत.

ऑपरेशननंतर काही दिवसांतच खाज गेली. दादा दुपारभर गाढ झोपले, कित्येक महिन्यांनी. डोळ्यांतलं पिवळं उतरायला लागलं. कॅन्सर हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही, असं भावानं आणि मायनं ठरवलं होतं. दादा वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "एक तर ह्या डाक्टरचा हात, दुसरं माझ्या लेकीचं औषध. तिनं आधीच सुरू केलतं." शेजारच्या कॉटवरचा देगलूरकडचा म्हातारा मान हलवून म्हणायचा, "पोरगी शिकलेली असावी तर अशी."

तिसऱ्यांदा ते ऐकल्यावर मला सहन झालं नाही. म्हातारा तपासणीला गेला होता, माय चहा आणायला. मी कॉटच्या कडेला बसले.

"दादा, ती खरूज नव्हती."

"आं?"

"माझं औषध चुकलं. खाज ह्या आतल्या दुखण्याची होती. मी तुमचे हातसुद्धा बघितले नाहीत. पोरी हसल्या म्हणून तुम्हाला घालवून दिलं."

मी ते बरंच आधीपासून मनात म्हणून पाहिलं होतं, तरी शेवटचं वाक्य नीट निघालं नाही.  मला वाटलं, दादा म्हणतील, जाऊ दे बाई. दर वेळी म्हणायचे.

"मंग ते लागट न्हवतं?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं."

"म्हंजे नातीला घ्यायला काईच हरकत न्हवती."

हा प्रश्न नव्हता. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. माय चहा घेऊन आली तेव्हाही ते वळले नाहीत. तिला वाटलं, झोपलेत.

गावी परतल्यावर पहिल्या दिवशी दादा घरात, मधोमध बसले आणि म्हणाले, "आना तिला." वहिनीनं मुलगी आणली. आता ती बसायला लागली होती, माणसं ओळखायला लागली होती. दादांना मात्र तिनं ओळखायला लागल्यापासून जवळून पाहिलंच नव्हतं. त्यांनी हात पुढं केले तशी ती किंचाळली आणि वहिनीच्या मानेत तोंड खुपसलं. भाऊ म्हणाला, "लेकरं अशीच असतात." दादांनी हात मागं घेतले. माझ्याकडं पाहिलं नाही.

रोज ते तिला बोलावायचे. टाळ्या वाजवायचे, गूळ दाखवायचे, जीभ काढून दाखवायचे. मी कॉलेज सुरू झाल्यावरही लातूरला गेले नाही, त्या वर्षी उशिरा हजर झाले. त्यांनी मला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. मला त्यांनी माफ केलं का, ते कळलं नाही. रागावलेही नाहीत. माझ्या हातचं पाणी प्यायचे, माझ्याकडून पाय चोळून घ्यायचे आणि नजर दाराकडं, ती रांगत येते का म्हणून.

महिन्याभरानं ती यायला लागली. एकदा सवय झाल्यावर दुसऱ्या कुणाकडं राहीना. पण तोवर तिला उचलायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मग मी तिला उचलायचे, दादांच्या छातीवर ठेवायचे आणि त्यांचा एक हात तिच्या पाठीवर नेऊन, वरून माझा हात दाबून बसून राहायचे.