गाळाच्या वर हातभर

नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून अभिनंदन करायचे, त्या दुष्काळी वर्षांत मला पाणबुड्या व्हायचं खूळ लागलं. तेही पाठीवर हवेच्या जोडटाक्या घेऊन! शहरातले पोहण्याचे तलाव बंद, म्हणून शेंद्र्याच्या एका शाळूसोबत्याची विहीर गाठली. आजूबाजूला कारखान्यांच्या शेड, मधोमध त्याची मोसंबी.

त्याची एकच अट होती. "उतर खुशाल. पण गाळ ढवळला तर ठिबकच्या नळ्या तुंबतील. बाग ह्याच पाण्यावर जीव धरून हाय. तुला काठीनं बडवीन."

कमरेला शिशाचा पट्टा, पाठीवर भरलेल्या टाक्या. पाण्यात शिरलो तो थेट गाळाकडे! घाबरून वर आलो आणि शिशाचे दोन तुकडे गुपचूप पायरीवर ठेवले. मग काय, साक्षात शेषशायी विष्णू! अधांतरी पहुडलो. पण टाक्या रिकाम्या होत आल्या तसा वर सरकू लागलो आणि शेवटी बुचासारखा उसळलो.

"म्हशीची साखळी बांधू का रे ह्याला?" काठावरून मित्र ओरडला.

कोकणातून आलेली प्रशिक्षिका माझ्या मुलीच्या वयाची. तिला पायरीवरचं शिसं दिसलं. "काका, हवेलाही वजन असतं. त्या दोन टाक्यांतली पाच-सहा किलो हवा तुम्ही पिऊन टाकलीत. समुद्रात वर येताना मध्येच थांबावं लागतं. तिथे असे उसळलात तर जिवावर बेतेल. शिसं किती घ्यायचं ते टाक्या संपत आल्यावरच्या वजनावर ठरवायचं."

"आणि सुरुवातीला बुडतो त्याचं?"

"पाठीवर फुगा कशाला दिलाय? त्यात हवा भरा, थोडी थोडी."

पुढच्या रविवारी शिसं सगळं कमरेला. गाळ झपाट्याने जवळ आला. फुग्यात हवा भरली, ती जास्त झाली. सोडली, पुन्हा खाली. शेवटी गाळाच्या वर हातभर थांबलो. खाली बसलेला बेडूक जागचा हललासुद्धा नाही. टाक्या हलक्या होतील तसा फुगा रिकामा करत गेलो आणि अखेरीस, थांबायची खूण म्हणून तिने सोडलेल्या दोराच्या गाठीपाशी, फुग्यात हवा जवळजवळ नसताना, स्वस्थ तरंगत राहिलो.

मी वर आल्यावर मित्राने पंप सुरू केला. थोड्या वेळाने ठिबकचा फिल्टर उघडून आत बोट फिरवलं, उन्हात धरून पाहिलं.

"साफ हाय," तो प्रशिक्षिकेला म्हणाला. "घेऊन जा ह्याला समुद्रात. तिथं कुणाची बाग नाय."