नानांचं मीटरभर तांबं

मला बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, मला एकही प्रश्न विचारला नाही. पोहे खाऊन हात धुवायला म्हणून उठले ते बराच वेळ परतलेच नाहीत. बाबा बघायला गेले, तर नाना आमच्या बेसिनखाली उकिडवे बसून पाइपवर अंगठीनं टकटक करत होते. "पाइप चांगलाय, सांधा गळतोय. वायसर बदलून घ्या," एवढं सांगून ते बाहेर आले आणि मुलगी पसंत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. पसंत मी पडले होते की आमचा पाइप, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

नानांनी बत्तीस वर्षं सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये काढली होती. "पाइप कधी गळत नाही, गळतो तो सांधा," हे त्यांचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांच्या उखाण्यातसुद्धा पाइप होता."

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास ही दोघं वेलिंग्टनला आमच्याकडे राहायला आली. उतारावरचं आमचं जुनं लाकडी घर बाहेरून देखणं होतं, पण हिवाळ्यात काचांवरून आतल्या बाजूनं पाणी ओघळायचं. इकडे थंडी जूनमध्ये सुरू होते. पहिल्याच जूनमध्ये सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, दमा असा उसळला, की दोघांना महिन्याभरात परत पाठवावं लागलं. पुढच्या खेपेला विमानतळावरच नानांनी मंदारला, माझ्या नवऱ्याला, बजावलं, "जूनच्या आत घर गरम झालं तर राहू. नाहीतर हिला घेऊन मी निघालो."

आम्ही बॉयलर बसवायचा आणि प्रत्येक खोलीत गरम पाण्याचे रेडिएटर लावायचे ठरवलं. राहिला प्रश्न पाइपचा. प्लंबर ग्रेग प्लास्टिकच्या पाइपचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आला आणि नानांचा चेहराच उतरला.

"प्लास्टिक? त्यात गरम पाणी खेळवणार? तांबं ते तांबं."

"नाना, इकडे आता सगळे हेच वापरतात. हीटिंगसाठी स्पेशल असतो हा," मंदार म्हणाला.

"सगळे करतात म्हणून तू बायको केलीस का? पारखूनच केलीस ना?"

तिथून माझ्या स्वयंपाकघरात पारख सुरू झाली. नानांनी त्या पाइपचा वीतभर तुकडा माझ्या वरणाच्या पातेल्यात टाकून तीन दिवस उकळला. रात्री तो फ्रीझरमध्ये, सकाळी पुन्हा पातेल्यात. चौथ्या दिवशी त्यांनी तो वाकवून पाहिला, नखानं टोकरला, हुंगलासुद्धा. "अनघा, हा तुझ्या वरणापेक्षा कमी शिजलाय," असं म्हणाले, पण हट्ट काही सोडला नाही.

मे उजाडला तरी निर्णय होईना. मंदार वैतागला होता. आई रात्री खोकू लागल्या होत्या आणि नानांनी परतीच्या तिकिटांची चौकशी केल्याचं माझ्या कानावर आलं होतं. त्या शनिवारी नाना माझी जुनी ट्रॅकपँट चढवून ग्रेगच्या मागून घराच्या लाकडी जमिनीखालच्या बुटक्या पोकळीत शिरले; पाइप तिथूनच जायचे होते. बहात्तराव्या वर्षी दोन तास पोटावर सरपटून ते मातीनं माखून बाहेर आले. चहा प्यायले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी चुकलो होतो. प्लास्टिक घाला."

मी थक्क झाले. आमच्या घराण्यात हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"तांबं घातलं तर दर वळणाला सांधा येतो. एकतीस मोजले," ते म्हणाले. "त्यातले निम्मे अशा जागी, की तिथं कुणाचा हात पोचायचा नाही. हा लवचीक आहे, एकसंध जाईल. सांधे सगळे एका जागी आणा, दार उघडलं की दिसतील असे."

मंदारनं ग्रेगला ते समजावलं. "स्वीट ॲज," म्हणजे झकास, ग्रेग म्हणाला, "मी पहिल्या दिवशी हेच सांगत होतो." हे वाक्य मंदारनं नानांपर्यंत पोचवलं नाही.

एक दिलासा मात्र नानांना मिळाला. बॉयलरला लागून पहिला मीटरभर पाइप तांब्याचाच लागतो. नानांनी तेवढ्यावर आपलं राज्य मांडलं. दर रविवारी बॉयलर बंद करायला लावून ते चिंचेच्या कोळानं तो पाइप घासत. ग्रेग तपासणीला आला तेव्हा कपडे धुवायच्या खोलीत देवघरासारखं लखलखणारं ते तांबं बघून त्यानं बूट दाराबाहेरच काढले. "चकचकीत असलं की गळतीचा पहिला हिरवा डाग लगेच दिसतो," नानांनी त्याला मराठीत सांगितलं. आई हसून म्हणाल्या, "माझी तांब्याची भांडी ह्यांनी कधी घासली नाहीत."

त्या वर्षी आई जूनमध्ये राहिल्या, जुलैमध्ये राहिल्या. पुढचे दोन हिवाळेही त्यांनी आमच्याकडे सुखानं काढले.

त्यानंतरच्या वर्षी नाना सांगलीला असतानाच गेले. झोपेतच गेले. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मला फार रडू आलं. मुलगी बघायला येऊन मुलगी न बघताच मला पसंत करणारा तो एकच माणूस होता.

आईंना आम्ही कायमच्या घेऊन आलो. पहिल्या रविवारी मी मुद्दाम वाटीत चिंच भिजत घातली आणि थोड्या वेळानं बघते, तर वाटी जागेवर नव्हती. आई कपडे धुवायच्या खोलीत स्टुलावर बसून, पदर खोचून पाइप घासत होत्या. मी हात पुढे केला.

"तू राहू दे," त्या म्हणाल्या. "सांध्यापाशी नीट घासायला लागतं. ह्यांना नाही चालायचं तुझं."